ठिपका आणि वर्तुळ

आमच्या सोलापुरात फोनवर ‘कुठं आहे?’ म्हणून विचारलं, तर खरं उत्तर मिळेल अशी कुणाची अपेक्षा नसते. पाण्याचा पहिला तांब्याही अंगावर पडलेला नसतो आणि माणूस सांगतो, निघालोय की, पोचलोच. ऐकणाराही ते समजून घेतो आणि आणखी एक चहा मागवतो. यात कुणी कुणाला फसवत नाही.

आमच्या कंपनीतले सर मात्र या रिवाजात कधी बसले नाहीत. ऑफिसातून फोन गेला की ते सांगायचे, “अजून घरीच हाय. एक चप्पल सापडंना.” किंवा, “सात रस्त्याच्या चौकात हाय, पर उलट्या बाजूला. रस्ता ओलांडायला जमंना.” एकदा बाहेरगावचे ग्राहक समोर बसले होते. आमच्या मालकांनी सरांना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. सर म्हणाले, “न्हाव्याच्या खुर्चीत हाय. अर्धी दाढी झालीय, अर्धी ऱ्हायलीय.” मालकांनी कपाळाला हात लावला. ग्राहक हसले आणि थांबले.

आमची कंपनी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत होती. कंपनी म्हणायचं एवढंच; मालकांच्या वडिलांच्या टॉवेलच्या मागांची ती जुनी शेड होती. माग विकले गेले, पण ते जिथं बसवलेले होते तिथले बोल्ट फरशीतून वर आलेले तसेच होते आणि नवा माणूस हमखास त्यांना ठेचकाळायचा. मालक घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. शाळेच्या व्हॅनमध्ये, उसाच्या ट्रॅक्टरवर बसवायची यंत्रं आम्ही करायचो. गाडी कुठं आहे ते यंत्र आकाशातल्या उपग्रहांवरून ओळखतं आणि मोबाइलच्या टॉवरमार्फत कळवतं. मग आईबापांच्या फोनवरच्या नकाशात एक निळा ठिपका सरकताना दिसतो. त्या यंत्राच्या पोटातला बोर्ड सरांनी तयार केलेला होता. ते पन्नाशी ओलांडलेले, मैंदर्गीचे. आधी टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मग इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्ट करून देणं, मग आमच्याकडे. लग्न केलेलं नव्हतं. सोलापुरात एका खोलीत राहायचे आणि सुट्टीच्या संध्याकाळी एसटीनं गावी जायचे, म्हाताऱ्या आईकडे.

मी करकंबची. ही माझी पहिली नोकरी. पहिल्या दिवशी सरांनी माझ्या हातात तळहाताएवढा बोर्ड आणि लॅपटॉप दिला आणि म्हणाले, “चला, गच्चीवर.”

“खाली टेबलावरच बघू की सर. ऊन किती आहे.”

“खाली डोक्यावर पत्रा हाय. हिला आकाश लागतं.”

बोर्डाला ते नेहमी ‘ही’ म्हणायचे. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही बसलो आणि बोर्ड तेवढा उन्हात ठेवला. त्याच्यावर पांढरट, चौकोनी, बिस्किटाएवढा एक तुकडा होता. तो उपग्रहाचं ऐकणारा अँटेना. दुसऱ्या टोकाला सिमकार्डाची जागा. सर म्हणाले, “ही बाजू ऐकती, ती बाजू सांगती. ऐकणं निराळं, सांगणं निराळं. दोन्ही एकच हाय असं समजून चालाल तर घोटाळा हुईल.”

लॅपटॉपवर ओळी येत होत्या, पण त्यांत काहीच नव्हतं. एकामागून एक नुसते स्वल्पविराम, मधल्या जागा रिकाम्या. मला वाटलं, बोर्ड बिघडलाय. मी वायर काढून पुन्हा लावायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला.

“तिला घाई करू नका. आत्ताच डोळं उघडलंय तिनं. आणि बघा, कशी खरी बोलती. ठाऊक न्हाय, तर जागा रिकामी सोडती. काय बी लिवून देत न्हाय.”

तोवर माझी समजूत अशी होती, की उपग्रह वरून आपल्याला बघतो आणि आपण कुठं आहोत ते कळवतो. तसं मी म्हणालेही. सर शेंगा फोडत होते. ते म्हणाले, “त्यास्नी तुमी हाय का न्हाय, हे बी ठाऊक न्हाय. ते आपले फिरत्यात आणि किती वाजले ते सांगत जात्यात. कुणी ऐकू दे, न ऐकू दे. चौघांचं नीट ऐकलं की आपणच ताडायचं, आपण कुटं हाय ते.”

थोड्या वेळानं रिकाम्या जागा भरल्या. अक्षांश आला, रेखांश आला. सरांनी हातातलं टरफल खाली ठेवलं आणि पडद्याकडे बघत मान हलवली. हे त्यांनी आधी किती वेळा बघितलं असेल. तरी घरचं माणूस गाडीतून उतरताना दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

रविवारी ते शहरात छत्री घेऊन फिरायचे. लख्ख उन्हात, पावसाचं नाव नसताना, उघडी छत्री. तिच्या टोकावर अँटेना चिकटवलेला, त्याची काळी वायर दांड्यावरून खाली खिशातल्या बोर्डापर्यंत आलेली. नव्या पेठेतले दुकानदार त्यांना ओळखायला लागले होते.

“काय सर, पाऊस कुटं हाय?”

“पावसाची न्हवं ही. आकाश बघायची हाय.”

त्यात वेडेपणा काही नव्हता. जुन्या पेठांमधल्या बोळांत दोन्हीकडून घरं वर चढत गेलेली. तिथं उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून मग येतो आणि बोर्ड फसतो. तुम्ही या बोळात असता आणि तो तुम्हाला शेजारच्या बोळात दाखवतो. कुठं कुठं तो फसतो हे सरांना पायी फिरून बघायचं होतं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एका सोमवारी मी विचारलं, “चार घरांचा फरक पडला तर काय होतं सर?”

ते म्हणाले, “दार ठोठावून बघा चार घरं सोडून. कळंल.”

कुणी रस्ता विचारला आणि सरांना ठाऊक नसला, तर ते ‘मला माहीत न्हाय’ म्हणायचे. एवढंच, पण असं म्हणणारी माणसं मी फार कमी बघितली आहेत. आपल्याकडे समोरच्याचा हिरमोड होऊ नये म्हणून हात कुठं तरी दाखवतोच माणूस. आमच्या गेटवरचा वॉचमन तसाच, मनानं फार चांगला. एकदा एक म्हातारी कुठल्याशा दवाखान्याचा पत्ता विचारत आली. यानं मोठ्या आपुलकीनं तिला पाणी दिलं आणि भलतीकडचा रस्ता दाखवला. सर गच्चीवरून बघत होते. ते अनवाणीच खाली उतरले, तापलेल्या डांबरावरून म्हातारीच्या मागं गेले आणि तिला रिक्षात बसवून, स्वतः सोबत जाऊन दवाखान्याच्या दारात सोडून आले. परत आल्यावर वॉचमनला म्हणाले, “तुला ठाऊक न्हवतं तर तसं का न्हाय सांगितलास?”

“वाईट वाटलं असतं की हो तिला.”

सर आत गेले आणि नळाखाली पोळलेले पाय धरून बसले.

मालकांचं आणि त्यांचं भांडण झालं ते ठिपक्यावरून. व्हॅन रेल्वेच्या पुलाखाली अडकली किंवा एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली की आकाश झाकलं जायचं आणि फोनवरचा ठिपका नाहीसा व्हायचा. की लगेच आईबापांचे फोन सुरू. इतरांच्या यंत्रांत असं होत नाही, असं लोक मालकांना सांगायचे. इतरांच्या यंत्रांत काय व्हायचं तर ठिपका शेवटच्या जागीच उभा राहायचा. गाडी तिथं असो नसो. मालक म्हणाले, “आपणही तसंच करू की सर. जुना ठिपका राहू द्या. नवा आला की सरकेल.”

“जुना हाय असं त्याच्यावर लिवायचं का?”

“लिहून कोण वाचतंय? आईला ठिपका दिसला पाहिजे. बस्स. तिला तेवढंच पाहिजे असतं.”

“गाडी तितं नसली तर?”

“सर, मिनिटा-दोन मिनिटांचा प्रश्न आहे.”

“तिला ठाऊक न्हाय, तर ती सांगणार न्हाय,” सर बोर्डाकडे बोट करून म्हणाले. “मी तिला खोटं बोलायला शिकवणार न्हाय. तुमाला पाहिजे तर दुसरा माणूस बघा.”

मालक चिडून बाहेर गेले. मालक वाईट नव्हते. त्यांचीही लेकरं त्याच शाळेत होती. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी मालकांनीच माघार घेतली, कारण दुसरा माणूस त्यांना नकोच होता. तेव्हापासून आकाश झाकलं गेलं की आमच्या नकाशावरचा ठिपका जायचा आणि खाली तीन शब्द उमटायचे: ‘ठिकाण माहीत नाही.’

त्यानंतर काही दिवसांनी कंपनीच्या जुन्या गाडीतून मी आणि सर मैंदर्गीकडे निघालो. त्या बाजूच्या ट्रॅक्टरवाल्यांची तक्रार होती, की सीमेजवळ यंत्र गप्प होतं. सर चालवत होते आणि बोर्ड माझ्या मांडीवर होता. दुधनीच्या अलीकडं फोनला कर्नाटकाचा टॉवर लागायला लागला. इकडचा सुटला आणि तिकडचा बोर्डाला जोडून घेईना. अक्षांश-रेखांश लॅपटॉपवर नीट उमटत होते, पण ऑफिसकडे काहीच जात नव्हतं. सरांनी गाडी बाजूला घेतली. दोन्हीकडे तुरीचं रान होतं.

“आता बघा,” ते म्हणाले. “आपण कुटं हाय ते तिला पक्कं ठाऊक हाय. पर सांगायला कोण न्हाय.”

मग समोरच्या रस्त्याकडे बघत, त्याच सुरात म्हणाले, “आमचा सण्णाव बी असाच असंल कुटं तरी.”

सण्णाव म्हणजे कानडीत धाकटा. सरांना भाऊ आहे हे मला तेव्हा कळलं. त्यांनी बोर्डाचं बटण दाबून तो पुन्हा चालू केला, या वेळी टॉवरनं त्याला जोडून घेतलं, आणि आम्ही त्यांच्या घरी जेवायला गेलो.

घर दोन खोल्यांचं, बसस्टँडपासून जवळ. आई दारातच बसल्या होत्या. सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. कपाळावर विभूती, नजर अधू झालेली. मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि कानडीत विचारलं, कुठली? सरांनी करकंब म्हणून सांगितलं. त्यावर अव्वा भराभर काही बोलल्या. सर आधी ते मराठीत सांगायला तयार होईनात. मी पुन्हा विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाले, “करकंबच्या बाजाराला कधी दिसला का, म्हणून विचारती. डाव्या भुवईवर कापल्याची खूण हाय त्याच्या.”

मी नाही म्हणाले. अव्वांनी मान डोलावली, जणू हेही एक गाव आता बघून झालं. जेवताना त्या धाकट्याबद्दलच बोलत होत्या. त्याला शेंगाचटणीवर तेल फार लागायचं, तो उन्हात टोपी घालायचा नाही. सर तिखटाची वाटी माझ्याकडे सरकवत होते, मध्येच एखादं वाक्य मराठीत सांगत होते. स्वतःच्या ताटातलं त्यांनी फारसं काही खाल्लं नाही आणि अव्वांच्या ते ध्यानात आलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता सरांनी सगळं सांगितलं. मिसरूड फुटायच्या वयात भाऊ एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. ट्रक परत आला, तो आला नाही. कुठल्या तरी ढाब्यावर उतरला आणि पुन्हा चढला नाही, एवढंच ड्रायव्हरनं सांगितलं. पोलिसांत कळवून झालं, नातेवाइकांकडं विचारून झालं. मग लोक बातम्या आणायला लागले. कुणी त्याला गुलबर्ग्याला बघितला होता, कुणी हुबळीच्या स्टँडवर. प्रत्येक बातमीमागं वडील जायचे, कधी सर जायचे.

“मी हुबळीच्या स्टँडवर आठवडाभर झोपलो,” सर म्हणाले. “जो भेटंल त्याच्या भुवया बघायचो.”

मग एका हंगामात गल्लीतला एक माणूस श्रीपूरहून आला. तो ऊसतोडीच्या गाड्यांबरोबर तिकडं गेला होता. तो म्हणाला, अव्वा, तुमचा धाकटा कारखान्यावर दिसला. बैलगाडी हाकत होता, तब्येत चांगली होती. अव्वांनी त्या दिवशी घरात गोड केलं. वडील त्याच संध्याकाळी निघाले. कारखान्याबाहेर गाड्यांची रांगच्या रांग. ते एकेका गाडीपाशी जाऊन विचारत राहिले. थंडी होती, अंगावर एक धोतर आणि सुती शाल. रात्री उघड्यावर, बैलांच्या शेजारी निजायचे. छाती कफानं भरली. कुणा गाडीवानानं त्यांना गावापर्यंत आणून घातलं आणि घरी आल्यावर ते गेले.

“माती झाल्यावर तो माणूस आला,” सर म्हणाले. “माझ्या पायावर डोकं ठेवलं त्यानं. म्हणाला, मी बघितला न्हवता. अव्वा रोज दारात बसून विचारायची, तिचं तोंड बघवंना, म्हणून सांगितलं.”

वळसंग गाव मागं पडलं.

“त्याच्यावर राग धरायला गेलो, तर तो बी धरता यीना. वाईट मनानं केलं असतं तर बरं झालं असतं.”

मी मांडीवरच्या बोर्डाकडे बघत बसले. ठिपक्यावरून झालेलं भांडण मला आठवत होतं.

अव्वांनाही सरांनी त्या दिवसानंतर कधी खोटी आशा लावली नव्हती. कुणी नवी बातमी घेऊन आलं तर ते दारातूनच परतवायचे. “स्वतः बघितलास? बोललास त्याच्याशी? मग जा.” गावात त्यांना लोक कोरडा माणूस म्हणायचे, असं मला नंतर कळलं.

आणि मग ती विडीवाल्या बाईची गोष्ट झाली. शहराच्या पूर्व भागात राहणारी, घरी विड्या वळणारी बाई. तिचा मुलगा आमचं यंत्र बसवलेल्या व्हॅननं शाळेत जायचा. एका दुपारी व्हॅनचं चाक पंक्चर झालं आणि ड्रायव्हरनं गाडी एका गॅरेजच्या पत्र्याखाली नेऊन उभी केली. गॅरेजात आवाज, ड्रायव्हरला फोन ऐकू गेला नाही. बाईनं आपल्या फोनवर बघितलं. ठिपका नव्हता. ‘ठिकाण माहीत नाही.’ ती हातातलं टाकून जिन्यावरून धावत खाली आली, पदरात पाय अडकला आणि पडली. उजवं मनगट मोडलं. मुलगा थोड्या वेळानं हसतखेळत घरी आला तेव्हा दाराला कुलूप होतं आणि शेजारणी त्याच्या आईला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या.

ही बातमी ड्रायव्हरकडून आली. मालकांनी ती ऐकली आणि सरांकडे बघितलं, पण ‘मी सांगितलं होतं’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांचा मोठेपणा मला तेव्हा जाणवला. सर उठले. मालक म्हणाले, “सर, तुम्ही जाऊ नका. ती बोलेल काहीतरी. मी जातो.”

“शब्द माझे हायेत,” सर म्हणाले. मी त्यांच्याबरोबर गेले.

बाई कॉटवर उशीला टेकून बसली होती, हात पांढऱ्या प्लास्टरमध्ये. सरांनी आपण कोण ते सांगितलं. ती चिडेल म्हणून मी तयारीत होते. ती चिडली नाही.

“पोरगं सुखरूप आलं माजं,” ती म्हणाली. “हात काय, जुळंल. विड्या काय, मागनं वळीन. पर तुमी असं का लिवलं हो? माहीत न्हाय. म्हंजे काय समजायचं म्या? कुणी बघतंय का न्हाय, शोधतंय का न्हाय, काय कळंना. तोंडावर दार लावून घेतल्यावानी वाटलं बघा.”

सर म्हणाले, “खरंच माहीत न्हवतं त्या यंत्राला.”

“नसूं दे की. आमाला बी लई गोष्टी माहीत नसत्यात. पर लेकरू इचारायला आलं तर नुसतं माहीत न्हाय म्हणून पाठ फिरवतो का आपण? जवळ बसवून घेतो की.”

सर कॉटशेजारी बसले. नंतर त्यांनी तिच्या मुलाच्या शाळेचं विचारलं, तिच्या गावचं विचारलं. निघताना त्यांनी हात जोडले. तिनं प्लास्टरचा हात थोडासा वर केला.

बाहेर चहाच्या गाड्यावर आम्ही थांबलो. सरांचा चहा तसाच निवला.

“खोटं सांगायचं न्हाय, एवढं एकच मी धरून बसलो,” ते म्हणाले. “खरं सांगायची बी एक रीत असती. ती ऱ्हायली शिकायची.”

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. बोर्डात उपग्रहाचं ऐकणारा भाग निराळा आणि मोबाइलच्या टॉवरशी बोलणारा निराळा, हे ते मला पहिल्या दिवसापासून सांगत होते. आता त्यांनी त्याचाच उपयोग केला. आकाश झाकलं गेलं तरी टॉवरशी बोलणं चालूच असतं, आणि कुठल्या टॉवरशी बोलणं चाललंय यावरून गाडी साधारण कुठल्या भागात आहे ते सांगता येतं. नेमकी जागा नाही. पण हा भाग, एवढं नक्की. त्यांनी ठिपक्याच्या जागी एक फिकट वर्तुळ काढायला लावलं. गाडी या वर्तुळात कुठं तरी आहे, इतकंच ते सांगणार. टॉवरही सुटला, तर जितका वेळ काही कळलं नाही तितकं ते वर्तुळ हळूहळू मोठं होत जाणार. त्याचं गणित आम्ही दोघांनी बसवलं. खालचे शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा बदलले. शेवटी ठेवले ते असे: ‘शेवटचं इथं ऐकू आलं. आता गाडी या भागात असावी. शोध चालू आहे.’ आणि शेजारी ड्रायव्हरला आणि आमच्या ऑफिसला फोन लावायचं बटण. फोन सरांच्या टेबलावर वाजायचा. तो ते स्वतः उचलायचे.

मालकांना दाखवायला आम्ही व्हॅन पुलाखाली नेऊन उभी केली. मालक ऑफिसात फोन हातात धरून बसले होते. नंतर त्यांनी सांगितलं, की ठिपका गेला आणि वर्तुळ उमटलं, आणि नकळत ते पडद्याजवळ वाकले. व्हॅन पुलाबाहेर आल्यावर वर्तुळ आवळत आवळत पुन्हा ठिपका झालं. सरांनी विचारलं, “चालंल का?”

“माझ्या आईला कळेल हे,” मालक म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठी पसंती होती.

तक्रारी संपल्या नाहीत. लोकांना ठिपकाच हवा असतो, हे मालकांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण त्या विडीवाल्या बाईनं एकदा गाडी दिसेना म्हणून सरांच्या टेबलावर फोन केला. सर तिच्याशी बोलत राहिले, गाडी दिसेपर्यंत. मुलगा भाजी काय खातो, याच्यावर बोलत होते दोघं.

अव्वा गेल्या, त्याच्या आदल्या रविवारी मी आणि मालक मैंदर्गीला गेलो होतो. सर आठ-दहा दिवस रजेवर होते. फोनवर ते नेहमीसारखं नेमकं सांगायचे, “अव्वाच्या उशाशी हाय. आज दोन चमचे पाणी गेलं.”

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बाहेरच्या खोलीत अव्वांचा पलंग होता. शेजारच्या दोघी बायका बसल्या होत्या. अव्वा ग्लानीत होत्या, अधूनमधून डोळे उघडायच्या आणि एकच विचारायच्या, “सण्णाव एल्ली?” धाकटा कुठं आहे? एक शेजारीण त्यांच्या कानाशी वाकून कानडीत काही म्हणाली. मालकांना कानडी समजायचं. त्यांनी मला हळूच सांगितलं, “येतोय म्हणते. गाडीत बसलाय म्हणते.” मालकांचे डोळे भरून आले होते. मला मनातून वाटलं, असू दे. आता या वेळी काय.

अव्वांनी शेजारणीकडे बघितलंच नाही. त्यांनी मान वळवली आणि अधू नजरेनं सरांना शोधलं. पुन्हा तेच विचारलं, या वेळी फक्त त्यांना.

सर पलंगाच्या कडेला बसले. अव्वांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. कितीही हट्टी माणूस असला तरी या वेळी वाकेल, असं प्रत्येकाला वाटत असणार.

“गोत्तिल्ल अव्वा,” ते म्हणाले. माहीत नाही. मग ते सावकाश बोलत राहिले. कानडी मला एव्हाना तुटक तुटक समजत होती. खूप शोधलं, अव्वा. अप्पांनी शोधलं, मी शोधलं. सापडला नाही. अजून बघतोय. शेवटचं वाक्य मला पूर्ण कळलं. “ना इल्ले अदीनी.” मी इथंच आहे.

शेजारीण नाराजीनं तोंड फिरवून बसली. अव्वा आढ्याकडे बघत पडून होत्या. बाहेर एसटी येऊन गेली, तिचा आवाज पार विरून गेला. मग त्यांनी आपला हात सोडवून घेतला आणि चाचपडत सरांच्या चेहऱ्यापर्यंत नेला. दाढीची खुंटं वाढली होती, गाल आत गेले होते. तिथं हात थांबला.

“नी उंडी?” त्यांनी विचारलं. तू जेवलास?

सरांनी मान हलवून नाही म्हणून सांगितलं. अव्वांनी शेजारणीला हाक मारली आणि त्याला वाढ म्हणून सांगितलं, इथंच, माझ्यासमोर. त्या आवाजात घर चालवणाऱ्या बाईची जरब होती. शेजारीण घाईनं आत गेली.

ताट आलं. भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार. सर पलंगाला टेकून जमिनीवर बसले आणि जेवू लागले. अव्वा कुशीवर वळून त्यांच्या हाताकडे बघत होत्या. भाकरी संपली तशी त्यांनी आणखी अर्धी घालायला लावली. सरांनी तीही खाल्ली, खाली मान घालून, एकेक घास चावून. मग त्यांच्या घरच्या रिवाजाप्रमाणे ताटात पाणी ओतलं, बोटांनी ताट पुसून काढलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. अव्वांनी ते सगळं बघितलं आणि मग डोळे मिटून घेतले.